दुपारचा डबल: इन्सर्टरवर दोन-दोन कागद का जातात आणि स्क्रू फिरवून ते का थांबत नाही

तक्रार ठरलेली असते. सकाळी आठला इन्सर्टर, म्हणजे कागदाला घड्या घालून पाकिटात भरणारं मशीन, लावलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत काही त्रास नाही. दुपारी परत लावलं की दोन नंबरच्या फीडरवर, म्हणजे गठ्ठ्यातून एकेक कागद आत सोडणाऱ्या भागावर, डबल सुरू: एका वेळी दोन कागद. ऑपरेटर पेचकस उचलतो, दुसऱ्या कागदाला अडवणारा सेपरेटर आवळतो. डबल थांबतो, पण आता कागदच निघत नाही, स्क्रीनवर मिस. मग स्क्रू थोडा ढिला. पुन्हा डबल. दुपारभर हेच. ऊन कललं, शेड निवली की सगळं आपसूक सुरळीत होतं, आणि त्या वेळी ज्याच्या हातात पेचकस असतो त्याला वाटतं की आपण सेटिंग जमवलं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता परत तेच रडगाणं.

हे लिहितोय ते या कामाला नुकत्याच लागलेल्यांसाठी. आमची शेड अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरकडची, खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणी खारं. पतसंस्थांच्या नोटिसा, बँकांची पत्रं, खरिपाआधी बियाण्या-खतांची पत्रकं, असला माल घड्या घालून पाकिटात भरायचा, पाकीट चिकटवायचं, पिनकोडप्रमाणे ट्रे लावून पोस्टात द्यायचे. मुलं-मुली बारावी नाहीतर आयटीआय करून येतात, काही दिवस कोणाच्या तरी मागे उभं राहून बघतात आणि मग मशीन त्यांच्या हवाली होतं. मशीनचं पुस्तक इंग्रजीत, तेही साहेबांच्या कपाटात. शिकवणी एवढीच: "डबल आला का आवळ, मिस झाला का ढिलं कर." यात खोटं काही नाही, पण ते अर्धंच आहे.

स्क्रूनं नेमकं काय बदलतं

आपल्याकडचे बहुतेक फीडर घर्षणावर चालतात. रबरी रोलर गठ्ठ्यातला एक कागद पुढे ओढतो. त्याच्या समोर सेपरेटर असतो, कुठे दगडासारखा गोल ठोकळा, कुठे रबरी पट्टी, आणि तो मागून येणाऱ्या दुसऱ्या कागदाला अडवतो. हे जमायचं तर तीन पकडींची उतरंड लागते. रोलर आणि कागद यांच्यातली पकड सगळ्यात जास्त. सेपरेटर आणि कागद यांच्यातली त्याहून कमी. आणि कागदा-कागदातली सगळ्यात कमी.

स्क्रू फिरवून बदलते ती फक्त मधली पकड. रोलर धुळीनं गुळगुळीत झाला तर पहिली पकड कमी होते आणि मिस व्हायला लागतात. कागद एकमेकांना धरून बसले तर तिसरी वाढते आणि डबल येतात. दोन्ही एकदम बिघडलं की डबल आणि मिस आलटून-पालटून येतात, आणि मग स्क्रूला बरोबर अशी जागाच उरत नाही. कितीही फिरवा. एकाच फीडरवर एकाच तासात डबलही आणि मिसही दिसत असतील तर पेचकस खिशात टाका आणि पुढचं वाचा.

आधी दोन-तीन दिवस वहीत लिहा

डबल आला की चार गोष्टी लिहायच्या: किती वाजले, कितवा फीडर, माल कुठल्या बॉक्समधला, आणि पाकीट उघडून पाहिल्यावर खरंच दोन कागद निघाले की एकच. एवढंच. सुपरवायझर म्हणेल, "लिहित काय बसतं बे, मशीन चालव." तरी लिहा. दोन-तीन दिवसांत पान वाचता येतं.

डबल बारा ते पाचच्या मध्ये जमले असतील, फीडर कुठलाही असो, तर दोष हवेचा. वेळ कुठलीही पण ठरावीक बॉक्स उघडला की त्रास, तर दोष कटिंगचा किंवा छपाईचा. कागद बदलला, वेळ बदलली तरी त्रास एकाच फीडरला, तर मग रोलर-सेपरेटर बघायचे. आणि पाकिटात एकच कागद निघाला तर तो डबल नाहीच, डबल पकडणारा डिटेक्टर खोटं बोलतोय.

खोट्या डबलचं आधी उरकून टाकू, ते सोपं आहे. डबल डिटेक्टर जाडी मोजतो, कुठे यांत्रिक, कुठे प्रकाशानं. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे एक आणि दोन कागदांतला फरक केसाएवढा. सेन्सरवर कागदाची भुकटी बसली तरी तो चुकतो. मऊ ब्रशनं झटका, कोरड्या सुती कापडानं पुसा. त्यानंतर त्याला नव्यानं शिकवा, आणि शिकवताना आजच्याच जॉबचा, आजच्याच बॉक्समधला, कोपरा न दुमडलेला कागद द्या. कालच्या जॉबची जाडी आजच्या कागदाला चालवणं, ही या खोट्या डबलची सगळ्यात नेहमीची जागा.

हवा

आता खरं दुखणं. अकोल्या-अमरावतीच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जाणं यात काही नवल नाही. पण कागदाचा शत्रू पारा नाही, कोरडेपणा आहे. दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. कागदाला मानवते ४५ ते ५५ टक्के. कोरड्या हवेत कागद स्वतःतलं पाणी सोडतो, आणि कोरडा कागद रोलरवर, पट्ट्यावर, दुसऱ्या कागदावर घासला की त्यात स्थिर वीज साठते. दमट हवेत ती हळूहळू निघून जाते, कोरड्या हवेत जागच्या जागी राहते. मग दोन कागद असे चिकटतात की नखानं सोडवावे लागतात. पहाटे हवा थंड असल्यानं आर्द्रता वर असते, म्हणून सकाळची पाळी निर्धास्त जाते.

त्यात आमचा बराचसा माल लेझर प्रिंटरवरून येतो. प्रिंटरचा फ्यूजर, म्हणजे शाईची पूड तापवून कागदावर बसवणारा भाग, १८० ते २०० अंशांपर्यंत तापतो, म्हणजे कागद आपल्याकडे येतो तोच वाळून आणि थोडा वळून. छपाई आणि इन्सर्टर एकाच शेडमध्ये असतील तर घाईचा सुपरवायझर गरम गठ्ठा उचलून सरळ फीडरवर ठेवायला सांगतो. त्या गठ्ठ्यात डबल येणारच. शक्य असेल तर छापलेला माल एक रात्र तसाच राहू द्या.

ओळखायचं कसं? गठ्ठ्यातला वरचा कागद सावकाश उचला. खालचा सोबत उठत असेल, चटचट आवाज येत असेल, हातावरचे केस उभे राहत असतील, तर स्थिर वीज आहे. खिडकीच्या पाकिटात हे आणखी जास्त, कारण खिडकीला लावलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म वीज धरून ठेवते. पाकिटाच्या फीडरवरही दुपारी दोन-दोन पाकिटं येतात ती यामुळेच.

भिंतीवर आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर लावून घ्या. काही शे रुपयांत मिळतो. तो मशीनजवळ, कागदाच्या उंचीला लावायचा. साहेबांच्या केबिनमध्ये एसीखाली लावलेला मीटर आपल्या काही कामाचा नाही. आकडा ३५च्या खाली गेला की आमच्याकडे डबल वाढायला लागतात. तुमच्या शेडचा आकडा वेगळा असेल, वहीवरून कळेल.

आता उपाय. कूलर सगळीकडे असतो, आणि कूलरच खरं म्हणजे उपाय आहे, कारण तो हवा थंड करताना दमटही करतो. पण तो ठेवला कुठे आहे? बहुतेक शेडमध्ये कूलरचं तोंड ऑपरेटरकडे असतं. साहजिक आहे, घामानं जीव जातो. पण ऑपरेटर उभा असतो फीडरजवळ, म्हणजे ओला झोत सरळ गठ्ठ्याच्या एका बाजूवर. ती बाजू ओल पिते आणि फुगते, मधला भाग कोरडाच. कागदाच्या कडेला लाटा येतात. लाटा आलेला कागद सेपरेटरखाली कुठे दाबला जातो, कुठे नाही, आणि डबलच्या जोडीला वाकडा कागद जाऊन अडकणंही सुरू होतं. कूलर भिंतीकडे तोंड करून किंवा वरच्या दिशेला वळवून लावा. हवा खोलीत फिरली पाहिजे, कागदावर आदळली नाही पाहिजे. तुमच्यासाठी वेगळा छोटा पंखा मागा, तोही पाठीमागून. मागण्यात लाज नाही.

कूलर नसेल तर दारा-खिडकीवर ओलं बारदान, मशीनपासून दूर पसरट घमेल्यात पाणी. फरशीवर पाणी मारायची सवय आहे आपल्याकडे, पण मशीन आणि स्विचबोर्डच्या आसपास अजिबात मारू नका.

खारपाणपट्ट्यातल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. बोअरचं पाणी कूलरला वापरलं तर महिनाभरात वाळ्याच्या ताट्या क्षारानं दगड होतात, हवा जात नाही, आणि आपण समजतो कूलर चालू आहे. मीटरचा आकडा मात्र खाली. ताट्या हंगामात एकदा तरी बदला, टाकीचं पाणी अधूनमधून पूर्ण काढा.

माल ठेवायची जागाही बघा. ट्रकमधून उतरलेला कागद पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवला तर तिकडून तो भाजत असतो. भिंतीपासून हातभर लांब, लाकडी पॅलेटवर, वेष्टन न फोडता किमान एक दिवस मशीनच्याच खोलीत ठेवा. आणि जेवढा लागेल तेवढाच रीम फोडा. सकाळीच दहा रीम फोडून रचून ठेवले की काम भराभर होईल असं वाटतं, पण दुपारपर्यंत ते सगळे पापडासारखे वाळलेले असतात.

गठ्ठा फीडरवर ठेवण्याआधी त्यात हवा भरा. चारही बाजूंनी, नुसतं नावापुरतं नाही. मूठभर कागद घ्या, वाकवा, सोडा, बाजू बदला, मग जॉगरवर (गठ्ठा हलवून कडा जुळवणारं टेबल) ठोकून सरळ करा. फीडर भरताना गठ्ठा निम्म्याच्या आसपास ठेवा. खालून कागद ओढणाऱ्या फीडरला वरच्या गठ्ठ्याचं वजन पेलवत नाही, वजन वाढलं की खालचे दोन कागद एकमेकांत दाबले जातात. सारखं भरावं लागतं म्हणून हेल्पर कंटाळतो, हे खरं. तरी भरावं.

अर्थिंग, म्हणजे काळ्या मातीचा प्रश्न

स्थिर वीज निघून जायला वाट लागते आणि ती वाट म्हणजे अर्थिंग. मशीनवर कागदाच्या वाटेत तांब्याच्या बारीक तारांची झालर असते किंवा आयनायझर बार, म्हणजे सुयांतून हवेत भार सोडून स्थिर वीज घालवणारी पट्टी, असतो. झालर कागदापासून किंचित वर हवी आणि तिची तार मशीनच्या बॉडीला, बॉडी अर्थिंगला जोडलेली हवी. पाहिलं तर बऱ्याच ठिकाणी ही तार कधीतरी साफसफाईत तुटलेली असते आणि झालर नुसती लटकत असते. आयनायझरच्या सुयांवर धूळ बसली की तो दिवा लागूनही बिनकामाचा. मेन बंद करून, थोडा वेळ थांबून, मऊ ब्रशनं सुया साफ करायच्या. त्यात मोठ्या दाबाची वीज असते, चालू असताना बोट लावायचं नाही.

आता बाहेर या. शेडच्या मागे अर्थिंगचा खड्डा असतो, कोळसा आणि मीठ घालून केलेला. पावसाळ्यात तो छान काम करतो. एप्रिल-मेमध्ये आपली काळी माती भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा, आणि खड्ड्यातली धातूची पट्टी भोवतालच्या मातीपासून सुटते. मातीतली ओल गेली की विजेच्या वाटेतला अडथळा (रेझिस्टन्स) वाढतो. वायरमनला मीटर लावून बघायला सांगा. आमचा वायरमन ५ ओहमच्या आत आणून देतो. उन्हाळ्यात खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतणं हे कोणाच्या तरी कामात लिहून ठेवा, नाहीतर ते कोणीच करत नाही. हे डबलसाठीच नाही, शॉक लागू नये यासाठीही आहे, म्हणून अर्थिंगचं बोलताना साहेबांसमोर आवाज चढला तरी चालेल.

बॉक्सच वाईट असेल तर

वहीत ठरावीक बॉक्सवर बोट येत असेल तर तो बॉक्स प्रेसमधून कसा आला ते पाहा. बियाण्यांच्या पत्रकांत हे हमखास होतं, कारण मृगाच्या आत ती गावोगाव पोचायला हवीत आणि प्रेस रात्रंदिवस चालू असतो. कटिंग मशीनच्या पात्याची धार गेलेली असली की कापलेल्या कडेला बारीक कुसळं राहतात आणि कागदांच्या कडा एकमेकांत अडकतात. कडेवरून बोट फिरवा, खरखर लागते. अशा गठ्ठ्याला कडेनं वाकवून सोडवा, नाहीतर गठ्ठा उलटा फिरवून दुसरी कड पुढे करा, पत्ता नसलेल्या पत्रकात ते चालतं.

चकचकीत आर्ट पेपरवर शाई ओली असताना गठ्ठे रचले तर शाईच चिकटवते. मागच्या बाजूला शाईचा डाग उमटलेला दिसेल. तो माल वेगळा काढा आणि सुपरवायझरला दाखवा, मशीनवर त्याचा इलाज नाही. उलट शाई चिकटू नये म्हणून प्रेसवाल्यानं पावडर जास्त मारली असेल तर ती आपल्या रोलरवर जमते आणि तासाभरात मिस सुरू होतात.

घडीची पत्रकं फीडरवर ठेवताना मोडाची बाजू पुढे. उघडी बाजू पुढे ठेवली की एकाच्या घडीत दुसरं शिरतं, आणि ते जोडपं सेपरेटरखालून एकाच कागदासारखं निघून जातं.

रोलर आणि सेपरेटर

रोज पाळीच्या शेवटी रोलर पुसायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनधाग्याचं कापड, थोडंसंच. थिनर किंवा पेट्रोल लावलं की रबर आधी फुगतं आणि मग तडकतं. तरीही ते बऱ्याच शेडमध्ये लावतात, कारण गाडीच्या टाकीतून फुकट मिळतं. पुसताना मेन बंद. रोलर फिरवून पुसायचा असेल तर हातानं फिरवा, किंवा मशीन थोडंथोडं पुढे सरकवणारं जॉग बटण एकेक टिचकीनं. गार्ड उघडून, सेन्सरला चिमटा लावून चालू मशीनमध्ये कापड धरणारे हुशार लोक प्रत्येक शेडमध्ये असतात. त्यांची बोटं मोजा आणि त्यांच्याकडून हे शिकू नका. ओढणी, पदर, गळ्यातला गमछा, अंगठी, काहीही लोंबतं नको.

रोलर साफ झाल्यावरच सेपरेटर. आणि ते सकाळी, हवा बरी असताना. त्याच जॉबच्या कागदाच्या दोन-तीन बोटं रुंद दोन पट्ट्या कापा. एक पट्टी रोलर आणि सेपरेटरच्या मधून ओढा, हलका अडथळा लागला पाहिजे. मग पहिलीवर दुसरी ठेवून आत सरकवा, दुसरी अडली पाहिजे. जमलं की स्क्रूवर आणि बाजूच्या पत्र्यावर एक सरळ रेघ मार्करनं ओढा. हा तुमचा मूळ खुणेचा स्क्रू. दिवसभरात त्या रेघेपासून पाव फेऱ्यापेक्षा जास्त जावं लागलं तर समजा, कारण स्क्रूत नाही. सेपरेटरचा दगड एका जागी घासून सपाट झालेला असतो, गोल असेल तर थोडा फिरवून नवी बाजू पुढे करा, पट्टी असेल तर बदला.

दुसऱ्या पाळीवाल्याला रेघ दाखवून द्या. नाहीतर "अनिलदादानं काल आवळून ठेवला होता, म्या ढिला केला" हे रोजचं.

डबल निघून गेलाच तर

पत्ता नसलेल्या पत्रकाचा डबल आणि पत्त्याच्या कागदाचा डबल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पत्रक दोनदा गेलं तर माल वाया जातो आणि शेवटी पत्रकं कमी पडतात. पण वजनही वाढतं. ८० जीएसएमचा एक ए४ कागद ५ ग्रॅम. दोन कागद १० ग्रॅम, १३० जीएसएमचं ए५ पत्रक ४ ग्रॅम, लांबट डीएल पाकीट साडेचार ग्रॅमच्या आसपास, सगळं मिळून १८-१९ ग्रॅम. पोस्टाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. एक पत्रक जास्त गेलं की पाकीट पुढच्या टप्प्यात. हेच वजन आपल्या उपयोगाचंही आहे. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मशीनशेजारी ठेवा. शंका असलेली पाकिटं फाडत बसण्यापेक्षा काट्यावर टाकली की डबल लगेच कळतो.

पत्त्याच्या कागदाचा डबल मात्र गंभीर. समजा दोन पानी पत्र आहे आणि एक पान जास्त निघून गेलं. तिथून पुढे प्रत्येकाचं दुसरं पान पुढच्या माणसाच्या पाकिटात जाणार. एकाचं कर्ज थकल्याची नोटीस दुसऱ्याच्या घरी. गावात अशी गोष्ट किती वेळ झाकून राहते ते सांगायला नको, आणि संस्थेनं पुढचं काम दिलं नाही तर ते आपल्या सगळ्यांच्या पगारातून दिसतं. ज्या मशीनवर कागदाच्या कडेला छापलेल्या, मशीनला वाचता येणाऱ्या ओएमआर रेघा किंवा बारकोड वाचून क्रम तपासला जातो तिथं ते थांबतं. जुन्या मशीनवर तसं नसतं, तिथं डोळे आणि शिस्त.

म्हणून थांबल्यावर पहिली गोष्ट: पट्ट्यावरची, तोंडात अडकलेली, नुकतीच बाहेर पडलेली पाकिटं हातानं "जुळवून" परत आत ढकलायची नाहीत. ती सगळी बाजूच्या लाल ट्रेमध्ये. मग मागे जात एकेक पाकीट उघडा, अनुक्रमांक जुळणारी सलग दहा-पंधरा पाकिटं मिळेपर्यंत. ट्रेला पिनकोडची चिठ्ठी असतेच, ४४४ संपून ४४५ कुठे सुरू झालं, शेवटचा ट्रे कधी उचलला, हे लिहिलेलं असलं तर मागे किती जायचं ते कळतं. शेवटी हिशेब: चांगली पाकिटं आणि बाद झालेली मिळून छापून आले तितकीच भरली पाहिजेत. एकाचाही फरक असेल तर ट्रे गाडीत चढत नाही. बाद झालेले कागद रद्दीवाल्याकडे जात नाहीत, श्रेडरमध्ये जातात.

डबल डिटेक्टर बंद करून जॉब काढायला कोणी सांगितलं तर वहीत वेळ लिहा आणि त्यांना तिथं सही करायला सांगा. बहुतेक वेळा मग डिटेक्टर बंद करायची गरजच राहत नाही.

पावसाळ्यात चित्र उलटं

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात आणि नोटीस चौदा दिवस आधी जावी लागते. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्याकडे ढीग. तेव्हा स्थिर वीज नसते, पण कागद ओल पिऊन मऊ पडतो, आणि पाकिटाचा डिंक हवेतल्या ओलीनंच चिकटतो. पाकिटं भरायच्या आतच बंद. पाकिटांचे बॉक्स प्लॅस्टिकमध्ये ठेवा, कूलर पूर्ण बंद, खोलीत एक्झॉस्ट फॅन चालू. मऊ कागदाला सेपरेटर उन्हाळ्याच्या खुणेवर चालत नाही, पट्टीची चाचणी नव्यानं करून दुसऱ्या रंगाची रेघ ओढा.

पाकीट चिकटवणाऱ्या ब्रशला बोअरचं पाणी देऊ नका. क्षार ब्रशच्या केसांत आणि नमद्यात पांढरे जमतात, पाणी एका बाजूला पोचत नाही आणि पाकिटाची अर्धीच कड चिकटते. आरओचं पाणी वापरा, रात्री ब्रश काढून धुऊन ठेवा.

एवढं करूनही थांबलं नाही तर

मेकॅनिक नागपूरहून येतो, कधी त्याहून लांबून, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, "काय झालं?" "डबल येऊन राह्यला" एवढं सांगितलं तर तो पेचकस घेऊनच येईल. फोनवर हे सांगा: मीटरवर आर्द्रता किती आहे. त्रास एकाच फीडरला की सगळ्यांना. कागद किती जीएसएमचा, लेझरचा की ऑफसेटचा. रोलर कधी बदलला. पट्टीच्या चाचणीत दुसरी पट्टी अडते की जाते. पट्टी बरोबर अडतेय, कागद ओलीचा बरा आहे, कड स्वच्छ आहे, आणि तरी डबल येतोय, तर बहुधा रोलरचं रबर कडक झालेलं असतं किंवा त्याचं बेअरिंग खेळत असतं, रोलर डगमगतो आणि अंतर प्रत्येक फेरीला बदलतं. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या फीडरला हे प्रश्न वेगळे: रबरी वाट्या तडकल्यात का, पंपाची जाळी कागदाच्या भुकटीनं भरली का, आणि दुपारी व्होल्टेज पडून पंपाचा जोर कमी होतो का. व्होल्टेज एकदा दुपारी दोनला आणि एकदा रात्री आठला मोजून ठेवा, दोन्ही आकडे त्याला सांगा. मग तो रोलर, बेअरिंग, वाट्या, जे लागेल ते सोबत घेऊन येईल आणि एका खेपेत काम होईल.